एकाच तारखेला

निजामाच्या हद्दीत, नदीकाठी असलेल्या आमच्या बेला गावच्या बाजारात भांड्यांना कल्हई करणारा एक परका माणूस येत असे. आम्ही तिथी मोजत होतो, निजामाची कचेरी फसली सनाचे महिने मोजत होती, आणि हा मात्र इंग्रजी तारीख सांगे. तिथंच मला संशय आला, हा निजामाचा हेर असावा. भांडं चकाकलं की तो त्यात आपलं तोंड पाहत नसे, मागं कोण उभं आहे ते पाही.

अठ्ठेचाळीस सालच्या पंधरा ऑगस्टला भाता ओढता ओढता तो म्हणाला, "तीन सालांआंधी आजच्याच तारखेले जपान हारला. मांगच्या साली आजच्याच तारखेले नदीपल्याड झेंडा लागला. एका तारखेच्या नशिबात किती असते पाहा, पाटील!"

 मग त्यानं हळूच विचारलं, "तुमचा भाऊ दिसत नाई?"

माझा भाऊ नदीपल्याड, स्वतंत्र भारताच्या हद्दीतल्या छावणीत, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांत होता. हे फुटलं असतं तर शिपायांनी आमचं घर जाळलं असतं.

"बासरच्या देवीले गेला. नवस हाय," मी ठोकून दिलं.

"मंग देवीपाशी अर्धं गाव जमलं म्हना! जो तो तेच सांगून राह्यला."

 अर्धी कल्हई झालेलं पातेलं उचलून मी घर गाठलं.

पुढल्या महिन्यात निजामाचं राज्य गेलं आणि भाऊ सुखरूप परतला. कल्हईवाला पुन्हा दिसला नाही. गावातले म्हणतात, भला माणूस होता, त्यानं कोणाचंच नाव सांगितलं नाही. मी म्हणतो, सांगायला त्याला महिना अपुरा पडला.