उंदराचा वेल

परसातल्या डाळिंबांना मी माझे जुने मोजे घातले आहेत. उंदरांपासून फळं वाचवायचा हा माझा उपाय. वारा आला की वाटतं, पाचसहा माणसं फांद्यांवर बसून पाय हलवताहेत.

गेल्या वर्षी वालाचं बियाणं सुपात वाळत घातलं होतं, तेव्हा उंदराने त्यातलं बरंचसं पळवलं. उरलेलं मी राखेत घोळवून डब्यात भरलं आणि डबा तारेने आढ्याला टांगला. इतका जपला, की पेरायचंच राहून गेलं.

यंदा धुण्याच्या दगडामागून वालाचा वेल आपोआप वर आला आणि शेंगांनी लगडला. उंदीर लपवलेलं विसरला असणार. माझ्या जपण्यापेक्षा मातीला त्याचं विसरणंच जास्त मानवलं.

शेजारच्या मालतीकाकू माझ्याबरोबर शेंगा तोडत होत्या. म्हणाल्या, "बियाणं ज्याच्याकडून आलं, त्याला मूठभर परत द्यायचं असतं." आमच्या आळीत तशी रीतच आहे. मी मूठभर वाल दगडामागे ठेवले.

डाळिंबांचे मोजे मात्र काढले नाहीत.