सुमतीताईंची रिकामी खुर्ची

सुमतीताई देवस्थळी यांची आणि माझी ओळख अमेरिकेतल्या अल्फारेटा गावात, माझ्या किराणा दुकानात झाली. त्या भेंडीची टोकं मोडून पाहत होत्या. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाल्या, "काळजी नको, मोडलेली सगळी मीच नेणार." जून निघालेलीसुद्धा त्यांनी नेली. हे गिऱ्हाईक वेगळं आहे, हे मी तेव्हाच ओळखलं.

ताईंनी इथल्या कॉलेजात अनेक वर्षं अमेरिकेचा इतिहास शिकवला. यादवी युद्धानंतरची तडजोड हा त्यांचा खास तास. वादात सापडलेल्या निवडणुकीत एका पक्षाला अध्यक्षपद मिळालं, बदल्यात दक्षिणेतलं केंद्राचं लष्कर हटलं आणि गुलामीतून नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचे हक्क वाऱ्यावर सुटले. ताई हा सौदा विद्यार्थ्यांकडून वर्गात करवून घेत. टेबलापाशी एक खुर्ची रिकामी ठेवत आणि शेवटी विचारत, "इथे कोण बसायला हवं होतं?"

माझ्या नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारीही त्यांनीच करून घेतली, दुकानाच्या काउंटरवर. मला नुसती उत्तरं हवी होती. त्या प्रत्येक उत्तरामागचं भांडण सांगत. गिऱ्हाइकं पिशव्या खाली ठेवून ऐकत.

मग ती खुर्ची आमच्या मराठी मंडळात आली. एका स्थानिक पुढाऱ्यानं आमच्या नव्या सभागृहाच्या बांधकामाला परवानगी मिळवून देण्याचं कबूल केलं. बदल्यात, शेजारच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं मतदान केंद्र हायवेपलीकडे हलवायला आम्ही पाठिंबा द्यायचा.

"काकू, त्यात आपलं काय जातं?" आमचे तरुण अध्यक्ष म्हणाले.

"काहीच जात नाही, म्हणून तर भीती वाटते." ताईंनी एक खुर्ची टेबलापाशी ओढली. "चर्चच्या रूथबाईंना इथे बसवा. त्यांच्यासमोर हेच बोला, मग मी पाठिंब्याच्या पत्रावर सही करते."

पुढच्या बैठकीला रूथबाई आल्या. एवढंच म्हणाल्या, "माझी आई वॉकर घेऊन चालत मत द्यायला येते. हायवे तिला ओलांडता येणार नाही." अध्यक्षांनी पुढाऱ्याला फोन लावला आणि पाठिंबा मिळणार नाही असं सांगितलं. केंद्र जागेवर ठेवा, असं मंडळानं निवडणूक कार्यालयाला लेखी कळवलं. ते अजून तिथेच आहे. सभागृह झालेलं नाही. पण गणपतीत आमच्या गाड्या चर्चच्या पार्किंगमध्ये लागतात आणि रूथबाई मोदकावर तूप मागून घेतात.

आता ताईंची पंच्याहत्तरी आहे. समारंभात त्या बसण्याआधी नजर फिरवून कोण आलं नाही ते विचारणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून रूथबाईंना आणि त्यांच्या आईंना आणायला मी स्वतः गाडी घेऊन जाणार आहे. ताई, तब्येत ठणठणीत राहो, शंभरी गाठा. आमच्या टेबलापाशी अजून बऱ्याच खुर्च्या ओढायच्या आहेत.