जिभेखालची गोळी

नंदूचं तोंड तपासणं हे माझं रोजचं काम होतं आणि मला त्याची शिसारी यायची. किडके दात, काळपट हिरड्या, वर तो वास. आमच्या घाटकोपरच्या केंद्रात गर्दाच्या व्यसनावर एक गोळी देतात. ती नर्ससमोर जिभेखाली विरघळवायची आणि तोंड उघडून दाखवायचं, कुणी लपवून बाहेर विकू नये म्हणून. नंदूची गोळी तुरुंगातच सुरू झाली होती. तिथला शिपाई शिव्या घालून तोंड उघडायला लावायचा. इथे कुणी न सांगताच तो आ वासायचा, जीभ वर करायचा आणि म्हणायचा, "बघा सिस्टर, चोरी नाही!"

चहा प्यायल्यावरसुद्धा तेच. "नंद्या, मेल्या, मिट ते तोंड!" मी ओरडायचे. तो खी खी हसायचा.

सुटल्यावर तो एका मंडपवाल्याकडे बांबू बांधायला लागला. दंडावरच्या सुयांच्या जखमा भरत आल्या. म्हणायचा, "गोळी घेतली ना सिस्टर, की भूक लागते, झोप लागते. बस, अजून काय पायजे?"

त्याच्या थोरल्या भावाला मात्र बरंच काही पाहिजे होतं. मुलुंडला राहणारा, बँकेत नोकरी, कडक इस्त्रीचा शर्ट. केंद्रात आला तो नाकाला रुमाल लावूनच. "एक नशा सोडवून दुसरी लावलीत. मुलीसाठी स्थळं बघतोय मी. लोकांना काय सांगू?"

डॉक्टरांनी समजावलं, मीही समजावलं. गोळी बंद केली तर हा पुन्हा गर्दाकडे वळेल. मधे शरीराची सवय मोडलेली असेल, जुन्या मापाने टोचून घेतलं तर जीव जाईल. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्याने घरी नेऊन नंदूचा हात आईच्या डोक्यावर ठेवला आणि गोळीला पुन्हा शिवणार नाही अशी शपथ घ्यायला लावली.

नंदू मला ते सांगायला आला तेव्हा गोळी तुटल्यामुळे घामाने भिजला होता, नाक गळत होतं.

"आईची शपथ आहे सिस्टर. मोडली आणि तिला काय झालं तर?"

मी गोळी पुढे धरली. त्याने तोंड घट्ट मिटून घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

पुढच्याच महिन्यात तो मंडपाच्या गोदामामागे सापडला. सुई दंडातच होती.

मी मुलुंडला भेटायला गेले. फोटोला हार घातला होता. भाऊ आलेल्या माणसांना सांगत होता, "काही म्हणा, पोराने शब्द पाळला. शेवटपर्यंत त्या गोळीला हात लावला नाही." लोक माना डोलावत होते. आई भिंतीला टेकून बसली होती.

मी पाण्याचा घोटही न घेता उठले. नंदूच्या किडक्या तोंडाची कधी आली नाही एवढी किळस मला त्या माणसाच्या स्वच्छ तोंडाची आली.