नीलिमाचा ठिपका

नीलिमाचा ठिपका पडद्यावर नव्हता. आठवडाभर जर्मनीतल्या बॉनवर ढगांनी ठाण मांडलं होतं, आणि आज संध्याकाळी आकाश उघडलं तर हा पठ्ठ्या गायब.

नीलिमा काही शास्त्रज्ञ नव्हे. दिवसभर सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी हौशी आकाशनिरीक्षकांच्या फेराइनमध्ये, म्हणजे मंडळात, दुर्बिणीपाशी बसायचं, हा तिचा नेम. मागच्या आठवड्यात लागोपाठ दोन संध्याकाळी काढलेल्या फोटोंत एक फिकट ठिपका ताऱ्यांमधून सरकताना तिला दिसला. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला लघुग्रह, आणि कुठल्याच यादीत नसलेला! आज तो पुन्हा सापडला, तर त्याच्या कक्षेचं गणित मांडता येणार होतं आणि शोध तिच्या नावावर लागण्याची आशा होती. नाही सापडला, तर हरवला. मग पुढे कुणा मोठ्या दुर्बिणीवाल्यांना दिसेल आणि त्यांचा होऊन बसेल.

तिला त्याला बाबांचं नाव द्यायचं होतं. कक्षा पक्की होऊन नाव देता येईपर्यंत वर्षं जातात, हे ठाऊक असूनही. शरदचंद्र. वाईहून फोनवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "काय गं, आज आकाश मोकळं आहे का?" गेल्या वर्षी ते गेले. नावाची ही गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

"आल्झो, तर मग नीलिमा," रेनाटे म्हणाली. ही फेराइनची प्रमुख, निवृत्त फार्मासिस्ट. कौतुकसुद्धा औषधासारखं मोजून देणारी. "पहिल्या संध्याकाळचे फोटो त्याचा एक वेग सांगतात, आणि दोन संध्याकाळी मिळून भलताच निघतो. दोन वेगळे लघुग्रह तू एकच समजलीस."

"नाही. तो एकच आहे."

"मग दाखव."

दाखवणार काय, कपाळ! पश्चिमेकडून पुन्हा ढग चढत होते. दुसऱ्या संध्याकाळी फेराइनचा लॅपटॉप रुसला म्हणून तिने स्वतःचा जोडला होता, आजही तोच समोर होता. तिने आकडे पुन्हा तपासले. सगळं बरोबर, आणि तरी सगळं चूक. तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात नवऱ्याचा, पुष्करचा फोन आला. "अगं, किती वाजेपर्यंत येतेस? पोरगी भुकेली आहे."

नीलिमाने लॅपटॉपच्या कोपऱ्यात पाहिलं. साडेअकरा. सवयीने मनातल्या मनात साडेचार तास वजा केले. "आत्ता सात वाजलेत, मी..."

आणि तिची जीभच अडखळली. ती वजा करत होती. फोटोंवर वेळ घालणारा प्रोग्रॅम कुठे करत होता? तो बिचारा हे भारताच्या वेळेवरचं घड्याळ जर्मनीचंच समजून चालला होता! दुसऱ्या संध्याकाळच्या फोटोंवर साडेचार तास पुढची वेळ पडली होती. म्हणून ठिपका खऱ्यापेक्षा हळू चालतो असं गणित सांगत होतं. तो कधीच पुढे निघून गेला होता.

फोन तसाच टाकून तिने वेळा दुरुस्त केल्या आणि दुर्बीण पुढच्या जागी वळवली. एकामागून एक फोटो पडद्यावर उतरू लागले. ढगांची कड खालच्या ताऱ्यांना गिळत होती. रेनाटे खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली.

"तिथे," रेनाटेच म्हणाली. ठिपका सरकत होता.

नीलिमाने तोंडावर हात दाबून धरला.

"गेनाऊ, अगदी बरोबर. वेगही जुळतो," रेनाटे म्हणाली. "पण भारताची वेळ कशाला ठेवलीस? आता बदल. पुन्हा असं झालं तर हा खरंच हरवेल."

नीलिमाचं बोट अडलं. बाबा होते तेव्हा त्या कोपऱ्यात पाहिलं की कळायचं, आता त्यांचं जेवण झालं असेल, आता गोळी घेऊन आडवे झाले असतील. ते गेल्यावरही तिला ते घड्याळ बदलवत नव्हतं. आणि त्याच घड्याळापायी बाबांचा लघुग्रह हातचा जात होता.

तिने वेळ बदलली. आकडे मागे सरकले, बॉनवर आले. वाईत किती वाजले असतील, हे पहिल्यांदाच तिला हिशेब करून काढावं लागलं, आणि ती रेनाटेसमोर ओक्साबोक्शी रडली.