पाच कफनांची वही

चाचांबद्दल लिही, असं मला आजवर बऱ्याच जणांनी सांगितलं. इथल्या, कुवेतच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी दोनदा पत्र आलं. मी एकदा डोळ्यांच्या ऑपरेशनचं कारण दिलं आणि एकदा गावी जायचं. दोन्ही कारणं खरी होती आणि दोन्ही खोटी. चाचांबद्दल लिहायला बसलं की तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात मला यावं लागतं, म्हणून मी लिहीत नव्हतो. गेल्या वर्षी चाचा गेले. आता आणखी टाळलं तर माझ्यासारखा हलकट मीच.

चाचांच्या गळ्यात कायम टेप असायची. दुकानात असायचीच, पण ईदच्या नमाजाला जातानाही ती कुर्त्याच्या आत असायची. लग्नात कोणी हसलं तर म्हणत, "डॉक्टर नळी घालून फिरतो, त्याला कोण हसत नाय." जलीबमध्ये त्यांचं शिलाईचं दुकान होतं, एका खोलीएवढं. माणूस दारातून आत आला की टेप न लावता ते त्याची कंबर सांगत, आणि मग एक वाक्य जास्तीचं. "बत्तीस. नवा आलायस, पोट अजून घरचं हाय." सहा महिन्यांनी तोच मुलगा पॅन्ट आवळायला आला की म्हणत, "तीस. आता कुवेतचा झालास."

तरी कापड कापायच्या आधी ते टेप लावायचेच. डोळ्यांनी सांगितलेलं माप ही गंमत, टेपचं माप ही जबाबदारी, असा त्यांचा हिशेब. "माप घेतल्याशिवाय कात्री लावायची नाय," हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं, की माझी बायको भाजी चिरतानाही तेच म्हणायची. चाचा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, मी त्याच तालुक्यातला, पण वरच्या अंगाचा. एका कंपनीत टायपिस्ट होतो, म्हणून त्यांनी माझं नाव कारकून ठेवलं. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. पोरीच्या बारशाचं झबलं त्यांनीच शिवलं आणि त्यात दोन बोटं माया जास्त ठेवली. मुलं वाढतात, म्हणाले.

नव्वद साली कुवेतमध्ये इराकी सैन्य शिरलं तेव्हा ज्याला जमलं तो पळाला. चाचा राहिले. डिशदाशाच्या, म्हणजे अरबी झग्याच्या, पांढऱ्या कापडाचे दोन तागे त्यांनी गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली लपवले होते. दुकान लुटलं गेलं, तागे वाचले. मग आपल्या लोकांत कोणी मेलं की चाचांना बोलावणं यायचं. मय्यतीला आंघोळ कशी घालायची ते त्यांना माहीत होतं आणि कापड त्यांच्याकडे होतं. कफन शिवत नाहीत, नुसत्या चादरी कापतात, त्याला दर्जी लागत नाही. पण चाचा मेलेल्या माणसालाही टेप लावत. डोक्यापासून पायापर्यंत, वर गाठीसाठी वीतभर. मग गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत, पॅन्ट आणि डिशदाशांच्या मागच्या पानावर, नाव, गाव आणि माप लिहीत. मी एकदा चिडून म्हणालो, चाचा, आता कोण ट्रायल घ्यायला येणार आहे? ते म्हणाले, "कबरीवर नाव नाय लागत हल्ली. कुठंतरी लागू दे."

त्या सात महिन्यांत त्या वहीत सैन्याने मारलेले आपले पाच जण लिहिले गेले. पाचवा हुसेन.

हुसेन चाचांच्याच गावचा. रुमैथिया भागात खुबूस, म्हणजे अरबी रोट्या, भाजणाऱ्या बेकरीत होता. मोठ्या हाडाचा, लाजाळू, सहा फुटांना थोडा कमी. बेकरीमागच्या एका घरात एक कुवेती कुटुंब लपलेलं होतं. रोज सकाळी हुसेन परातीत रोट्यांखाली त्यांच्यासाठी काय मिळेल ते घालून न्यायचा. कोणीतरी सांगितलं. त्याला बेकरीच्या दारातच गोळी घातली, परातीसकट. चाचांनी मला बोलावलं, कारण बेकरीची गाडी चालवणारा कोणी उरला नव्हता. आम्ही दोघांनी त्याला आणलं. मी मुसलमान नाही, आंघोळीला हात लावला नाही, पाणी आणून दिलं. पण माप घेताना माणूस उंच, चाचा एकटे, म्हणून टेपचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. मी ते हुसेनच्या टाचेशी धरलं.

त्याचा उजवा हात परात धरल्यासारखा वाकला होता, तो सरळ होईना. चाचांनी थोडा जोर लावला आणि सोडून दिला. म्हणाले, "राहू दे. मी पन्हा वाढवतो." वहीत तसं लिहिलं आहे: हुसेन, मग गावाचं नाव, उंचीचे इंच, आणि पुढे, उजवा हात वाकलेला, पन्हा जास्त.

आता मी.

आमच्या भागातून अम्मानकडे निघणाऱ्या बसची यादी माझ्याकडे होती. पासपोर्ट गोळा करायचे, नावं लिहायची, सीट द्यायची. हुसेनचं नाव यादीत होतं आणि पासपोर्ट माझ्या पिशवीत. तो गेल्यावर चाचांनी सांगितलं, पासपोर्ट जपून ने, त्याच्या बायकोच्या हातात दे, तेवढीच खूण. मी हो म्हणालो. माझी बायको पाच महिन्यांची पोटुशी होती आणि तिचा भाऊ विलास आमच्याकडे होता. विलासचा पासपोर्ट त्याच्या मालकाच्या तिजोरीत, आणि मालक देश सोडून गेलेला. बायको म्हणाली, भाऊ नाही तर मी नाही. मी यादीतलं हुसेनचं नाव खोडलं नाही. विलासला दाढी वाढवायला सांगितलं. पासपोर्टवरचा फोटो जुना होता, आणि त्या गर्दीत कोण बघतो? कोणी बघितलं नाही. विलास अम्मानच्या छावणीत चार दिवस हुसेन म्हणून राहिला, नमाजाच्या रांगेत शेजारच्याचं बघून वाकला, आणि हुसेन म्हणूनच मुंबईला उतरला. उतरल्यावर घाबरून त्याने तो पासपोर्ट जाळला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित स्वतःला माफ केलं असतं. पोटुशी बायको, युद्ध, मेलेल्याची रिकामी सीट. पण यादी थांबत नाही. मुंबईला उतरलेल्यांची नावं गावोगाव गेली. हुसेनच्या बायकोने, शरीफाने, नाव ऐकलं आणि नवरा येणार म्हणून घर सारवलं. तो आला नाही. कुवेतच्या मुक्तीनंतर चाचांचं पत्र पोहोचलं, हुसेन अल्लाला प्यारा झाला म्हणून, तोवर गावाने ठरवलं होतं की तो मुंबईत दुसरं घर करून राहिला आणि चाचा त्याला पाठीशी घालतायत. ती ना विधवा झाली, ना नवऱ्याची बायको राहिली. मी परत कुवेतला आलो तेव्हा चाचांनी पासपोर्टबद्दल विचारलं. इराक्यांनी बसऱ्याला काढून घेतला, असं मी सांगितलं.

नंतरची वर्षं चाचा अर्ज करत राहिले. या देशात त्या काळात मारलेल्यांची नावं दरवर्षी वाचतात. शाळेतली पोरं उभी राहतात, टीव्हीवर दाखवतात. चाचांचं म्हणणं एवढंच होतं की त्यात आपले पाच वाचावेत. पैसा नको, पाटी नको. मंडळाकडे गेले तेव्हा अध्यक्ष, सूट घातलेले, म्हणाले, "चाचा, आपण इथे पाहुणे. पाहुण्याने घरच्यांच्या सुतकात बसू नये." चाचा म्हणाले, "मय्यतीला खांदा देताना कोणी पाहुणा नव्हता." त्याच मंडळाने त्या वर्षी राष्ट्रीय दिनाला हॉल घेऊन लेझीम नाचवलं आणि दोन्ही देशांच्या मैत्रीचा केक कापला. त्या केकचा तुकडा मीही खाल्ला. मला आजही त्या लोकांचा संताप येतो, आणि मग आठवतं की ते निदान खोटं बोलले नव्हते, फक्त भित्रे होते.

चाचांचे सगळे अर्ज मीच टाइप केले. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. ते समोर स्टुलावर बसून सांगायचे, मी लिहायचो. एक वाक्य ते दरवेळी घालायला लावत: "गोळी मारणाऱ्याने इकामा बघितला नाय, मग नाव वाचणारे कशाला बघतात?" मी ते, इकाम्याच्या जागी रेसिडेन्स परमिट घालून, सभ्य इंग्रजीत बसवायचो. उत्तर यायचं की कागद अपुरे आहेत. चाचा म्हणायचे, पुढच्या वेळी नीट लिही रे कारकुना. मी चहा मागवायचो. कागद कुठे अपुरे आहेत हे मला ठाऊक होतं. दर अर्जाच्या वेळी ठाऊक होतं.

अडीच-तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा कोणीतरी आम्हाला बोलावलं. परदेशी मृतांची नावं गोळा करायचं काम एका कुवेती बाईंकडे आलं होतं. त्यांच्या स्वतःच्या मामाला त्या काळात उचलून नेलेलं. हाडं कित्येक वर्षांनी सीमेपलीकडच्या वाळूत, सामूहिक कबरीत सापडली होती. बाईंनी चाचांना खुर्ची दिली, वही दोन्ही हातांनी घेतली, एकेक पान उलटून बघितलं. डिशदाशांची मापं, मग कफनांची. चाचांची अरबी माप आणि कापडापुरती, म्हणून बाई माझ्याशी इंग्रजीत बोलत होत्या आणि मी मराठी करून सांगत होतो. चार नावांपाशी त्यांनी खूण केली. पाचव्या नावाशी थांबल्या आणि फाइलमधून बसच्या यादीची, नावांपुढे मुंबईला उतरल्याची नोंद असलेली नक्कल काढली. माझ्या अक्षरातली.

त्या म्हणाल्या, "हा माणूस मुंबईला पोहोचलाय. ज्या वहीत जिवंत माणसाचं कफन आहे, ती वही मी कोणापुढे ठेवू?" मग विचारलं, या मृतदेहाजवळ दुसरं कोणी होतं का?

मी प्रश्न चाचांना सांगितला. ते हसले. किती सोपं होतं त्यांच्यासाठी. म्हणाले, "तिला सांग, तूच होतास."

माझा मुलगा इथे नोकरीला आहे, नात इथल्या शाळेत. विलास गावात देवळाचा विश्वस्त आहे, त्याच्या हस्ते नारळ फुटतात. हे सगळं मला त्या एका क्षणात आठवलं असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. खरं तर काही आठवलं नाही. जीभ आपोआप वळली, इतक्या वर्षांच्या सवयीने. मी बाईंना इंग्रजीत म्हणालो, म्हाताऱ्याला आठवत नाही.

बाईंनी वही बंद केली आणि परत दिली. पाचही नावांसकट. त्यांनी चाचांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि चाचांना वाटलं काम झालं.

गाडीत मी सांगितलं, झालं नाही. यादीत हुसेन पोहोचल्याची नोंद आहे. सहाव्या रिंगरोडवर दुपारची गर्दी होती, आम्ही बराच वेळ एका सिग्नलला उभे होतो. चाचा वही मांडीवर घेऊन बसले होते. सरकारचा कागद खोटं कशाला बोलेल, असं काहीतरी पुटपुटले. मग माझ्याकडे वळले.

"मना सांग कारकुना. तो हुसेनच होता ना? मी कोणाला धुतलं?"

"गडबडीचे दिवस होते, चाचा," मी म्हणालो. "नक्की कोण सांगणार? तुमचंही वय झालं."

त्यांनी मान हलवली. गळ्यातली टेप काढली, बोटांभोवती गुंडाळली आणि खिशात ठेवली. मी इतक्या वर्षांत त्यांचा गळा मोकळा पाहिला नव्हता. कॉलरच्या आत टेपची फिकट पट्टी उमटलेली होती, घड्याळाची मनगटावर उमटते तशी.

त्यानंतर दुकानात ते माप घेताना दोनदा घेऊ लागले. मग तीनदा. गिऱ्हाइकं वैतागली. एक म्हणाला, चाचा, मी तोच आहे. त्यावर चाचा म्हणाले, "तू म्हणतोस." चार महिन्यांत त्यांनी दुकान दुसऱ्याला दिलं. मी विमानतळावर सोडायला गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो; वाक्य पाठ केलं होतं. त्यांनी वही माझ्या हातात दिली. गावात शरीफासमोर ही घेऊन कोणत्या तोंडाने जाऊ, म्हणाले, तूच ठेव, तुला वाटलं तर फेकून दे. मी वही घेतली आणि सामानाचं वजन किती भरलं ते विचारलं.

ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी अबू हलीफाला मुलाच्या घरी होतो. नातीने विचारलं, "हू वॉज ही?" मी म्हणालो, टेलर.

या लेखाची एक प्रत, इंग्रजी करून, त्या कुवेती बाईंकडे देतो आहे, वहीसकट आणि माझ्या सहीसकट. दुसरी शरीफाकडे जाईल. ती वाचत नाही, कोणीतरी वाचून दाखवेल. त्याचं जे व्हायचं ते होवो. विलासला मी विचारलेलं नाही. फक्त चाचांना आता प्रत देता येत नाही, आणि विमानतळावर त्यांच्यासाठी पाठ केलेलं वाक्य मोठं नव्हतं:

चाचा, तो हुसेनच होता. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. मला माफ करा.