घागरे गुरुजींची अकरा घरं

रेखाताईंनी वाळलेली फांदी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "गुरुजी, तुमीच सांगतलं होतं पाणी वाढवा म्हणून. सकाळी दोन बालट्या, संध्याकाळी दोन बालट्या. पाहा आता."

बाजाराचा दिवस होता. टेबलासमोर सात-आठ माणसं हातात पानं, डहाळ्या घेऊन उभी होती. मागच्या खोलीत मी बियांची पाकिटं लावत होते. आवाज ऐकून बाहेर आले.

मी उद्यान विभागातून रिटायर झाले आणि सौंसरला 'बागमित्र' नावाचा कार्यक्रम सुरू केला. काम साधं होतं. ज्यांना झाडांची आवड आहे आणि आठवड्याचे चार तास देता येतात, अशा लोकांना तीन महिने शिकवायचं. मग त्यांनी बाजाराच्या दिवशी नगरपालिकेच्या बगीच्यात टेबल टाकून बसायचं आणि लोकांच्या घरच्या झाडांबद्दल सल्ला द्यायचा. फुकट. पहिल्या बॅचला बावीस जण होते. त्या दिवसापर्यंत नऊ उरले होते. कोणाची सून बाळंतीण, कोणाची बदली, आणि बहुतेकांना भीती, आपण काही चुकीचं सांगितलं तर?

घागरे गुरुजी त्या नवांपैकी सगळ्यात पक्के. तीस वर्षं गणित शिकवलेलं. वय सत्तरीच्या पुढे. अर्धं सौंसर त्यांच्या हातचा मार खाऊन मोठं झालेलं. रेखाताईसुद्धा त्यांच्याच विद्यार्थिनी, आता बोरगावला सासरी.

मी फांदी पाहिली. मग रेखाताईंच्या मोबाईलमधला झाडाचा फोटो पाहिला. संत्र्याचं झाड. बुंध्याभोवती मातीचा ढीग, माती ओलीचिंब, आणि सालीतून डिंक गळलेला. याला आमच्याकडे डिंक्या म्हणतात. ही बुरशी ओल्या मातीत वाढते आणि मुळं, साल कुजवते. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं पिवळी पडतात. बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय. पाणी दिलं की रोग आणखी वाढतो.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, माझं चुकलं का?"

इथे मला माझं एक सांगायला हवं. त्याच आठवड्यात बगीच्यातली ती खोली आम्हाला पुढे द्यायची की नाही हे ठरणार होतं. नगरपालिकेच्या साहेबांनी कामाची माहिती मागवली होती. समोर रांग ऐकत होती. मी रेखाताईंना म्हणाले, "उन्हाळ्यात जातात हो झाडं कधीकधी. आपण आत बसून बोलू."

गुरुजी उठून उभे राहिले.

"कायले आत? चुकलंच माझं. रेखा, मी तुले चुकीचं सांगितलं. बुंधा पाहिला नाही, विचारलं नाही, पाणी वाढव म्हणून मोकळा झालो."

  फांदी तिथेच ठेवून रेखाताई बसकडे निघून गेल्या.

गुरुजींनी रजिस्टर ओढलं. टेबलावर आलेल्या प्रत्येकाचं नाव, मोहल्ला आणि दिलेला सल्ला आम्ही त्यात लिहितो. पेन्सिलीनं खुणा करत ते शेवटपर्यंत गेले. "अकरा घरं," म्हणाले. "संत्रं नाहीतर लिंबू, अन् पाणी वाढवा."

"मी फोन करते सगळ्यांना," मी म्हणाले.

"फोनवर?" ते माझ्याकडे असे बघायला लागले की मला शाळा आठवली. "जनमभर पोरांले फळ्यापाशी बोलावून सगळ्यांसमोर त्यांची गलती दाखवली मी. आता माझी गलती मी फोनवर सांगू? जाईन मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं निघालो. पिशवीत खुरपं, चाकू, ब्रश. प्लास्टिकच्या बादलीत बोर्डो मलम. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून एकत्र केले की हे मलम होतं. बुंध्याभोवतीची माती दूर करायची, डिंक आलेली साल चाकूनं खरवडायची आणि वरून हे लावायचं. प्रमाण एक भाग मोरचूद, एक भाग चुना, दहा भाग पाणी. गुरुजींनी स्वतः मोजलं होतं. "हे मात्र चुकणार नाही," म्हणाले.

पहिलं घर कापडाच्या दुकानदाराचं. गुरुजींना दारात पाहून पन्नाशीचा माणूस गल्ल्यावरून उठून उभा राहिला.

"बस, बस. तुझ्या लिंबाचं सांगायला आलो. मी चूक सांगितलं होतं. पाणी कमी कर."

"तुमचं चुकलं, गुरुजी?" त्यानं दोनदा विचारलं. मग आत हाक मारली, "अवं, इकडं ये! घागरे गुरुजी म्हणून राहिले, त्यायचं चुकलं!"

"हस," गुरुजी म्हणाले. "पण पाणी आजपासून कमी."

ही बातमी आमच्या आधी पुढच्या मोहल्ल्यात पोचली. तिसऱ्या घरी लोक वाटच पाहत होते. प्रत्येक ठिकाणी गुरुजी तेच वाक्य तितक्याच स्पष्टपणे म्हणाले. कुठेही 'तसं नाही, पण' असं जोडलं नाही. मग खाली बसून बुंधा उकरला. चार ठिकाणी डिंक्या निघाला, बाकी झाडं ठीक होती. जामसांवलीला मंदिराजवळ नारळ-प्रसादाचं दुकान असलेल्या बाई म्हणाल्या, "मी कुठून टाकू एवढं पाणी? नळच तीन दिवसाआड येते." त्यांचं लिंबू सगळ्यात हिरवंगार होतं.

बोरगाव शेवटी ठेवलं होतं. रेखाताई अंगणात धान्य निवडत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत.

"एक गणित चुकलं होतं माझं सातवीत," त्या म्हणाल्या. "तासभर उभं ठेवलं होतं तुमी मले. आठवते?"

"आठवते," गुरुजी म्हणाले. "मले वाटे उभं केल्यानं ध्यानात राहते."

"उभं राहणं ध्यानात राहिलं. गणित नाही राहिलं."

गुरुजींनी मान हलवली.  झाडापाशी गेले, धोतर सावरून खाली बसले आणि माती ओढायला लागले. मी खुरपं मागितलं तर दिलं नाही. झाडाची एक बाजू गेलीच होती. दुसऱ्या बाजूची साल चाकूनं खरवडली तर खाली अजून ओलसर हिरवं होतं. तिथे ते बराच वेळ काम करत राहिले. थोड्या वेळानं रेखाताई आतून एक पाट घेऊन आल्या आणि त्यांच्या मागे ठेवला. "गुडघे दुखतीन. यावर बसा."

परतीच्या बसमध्ये मी गुरुजींची वही मागितली. सगळ्या घरांसाठी मलमाची कृती छापून द्यायची होती. पानं उलटताना माझ्याच वर्गातली टिपणं दिसली. एका ओळीखाली दोनदा रेघ होती: 'पिवळी पाने + कडक ऊन = पाणी वाढवा. (मॅडम)'

मला तो वर्ग आठवला. कुंडीतल्या भाजीबद्दल बोलत होते मी. वेळ संपत आला होता. फळझाडांना हे लागू नाही, हे सांगायचं राहून गेलं होतं.

"गुरुजी, हे तर मी शिकवलं होतं. तुम्ही दिवसभर सांगितलं का नाही?"

"तुमी कुंडीचं सांगून राहिल्या होत्या. झाडाले मी लावलं."

"मी स्पष्ट बोलले नव्हते."

"मग मी विचारायले पायजे होतं." त्यांनी वही परत घेतली. "अन् मॅडम, लोकांयले मी सांगितलं होतं. तुमी नाही."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. आदल्या दिवशी रेखाताईंना आत बोलवणारी मी, आणि माझी चूकसुद्धा अकरा अंगणांत स्वतःच्या नावावर घेऊन आलेला हा माणूस. नोकरीत मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली. असा शिकणारा पाहिला नव्हता.

पुढच्या वर्गात मी उभी राहून ती चूक सगळ्यांना सांगितली. सोपं गेलं नाही. पण जे नऊ जण होते, त्यातलं नंतर कोणी सोडून गेलं नाही. भीतीचं काय झालं असं एकीला विचारलं, तर म्हणाली, "चुकल्यावर काय करायचं ते मालूम झालं ना आता."

खोली आम्हाला मिळाली. साहेबांनी माहितीचे कागद वरवर चाळले आणि विचारलं, "ते घरी येणारे गुरुजी माझ्या क्वार्टरमधलं लिंबू पाहायला येतील का?"

अकरांपैकी एक झाड गेलं. रेखाताईंच्या झाडाची मेलेली बाजू कापावी लागली. पावसाळ्यानंतर उरलेल्या बाजूला फूट आली. त्या बागमित्र झाल्या नाहीत. गुरुजींवरचा राग गेला की नाही, मला माहीत नाही. पण गावातल्या दोघींना त्यांनी आमच्याकडे पाठवलं.

नव्या बॅचला पहिल्या दिवशी मी दोन गोष्टी सांगते. संत्र्याची पानं पिवळी दिसली तर पाण्याचं बोलण्याआधी बुंधा उकरून पाहायचा. आणि आपला सल्ला चुकला तर स्वतः त्या घरी जायचं. दुसरी गोष्ट ऐकून दर वेळी दोन-तीन जण नाव काढून घेतात. जे थांबतात, तेवढ्यांवर कार्यक्रम चालतो.