आमच्या वॉर्डात संस्था नाही

अक्का गेली आणि दीडेक महिन्यानं तो सर्वेक्षणवाला गल्लीत आला. अक्का माझी थोरली बहीण. धुळ्याहून बसनं जरा अंतरावर असलेल्या एका तालुक्याच्या गावात तिचा सगळा संसार झाला. मी जळगावला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. तिचं घर आवरायला म्हणून मी आले होते आणि आवरत काहीच नव्हते. तिचा चष्मा उचलायचा, पुसायचा, पुन्हा तिथंच ठेवायचा, असे दिवस चालले होते.

अक्का काय करायची त्याला गावात एकच शब्द होता: सोबत. कुणा बाईला तहसीलला जायचं असेल, पोलिसांत तक्रार द्यायची असेल, सरकारी दवाखान्यात एकटीनं जायची धास्ती वाटत असेल, तर दुसरी एक बाई तिच्याबरोबर जायची. पुढे पुढे करायचं नाही, शहाणपणा शिकवायचा नाही. बाकावर शेजारी बसून राहायचं. हिंदू आणि मुसलमान, दोन्ही गल्ल्यांतल्या बाया त्यात होत्या. बाजाराच्या दिवशी दुपारी पालिकेच्या समाजमंदिरातल्या मागच्या खोलीत त्या जमत आणि कुणाबरोबर कोण जाणार ते ठरवत. ती खोली बाजाराच्या वाटेवर होती, यातच सगळं आलं. कुणाच्या घरी जायचं म्हटलं तर सासू विचारते, कशाला? पिशवी घेऊन बाजाराला निघालेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. खेड्यांवरून आलेल्या बायांनाही खोली ठाऊक होती. निरोप नाही, फोन नाही. दार उघडं असायचं.

रीतसर नोंदणी करून घे, असं मी तिला कितीदा म्हटलं असेल. ती म्हणायची, "नोंदणी झाली की अध्यक्ष लागतो. अध्यक्ष आला की हार लागतो. हार आणायला तू येशील का जळगावाहून?"

तिच्यावरही माझा राग आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते.

तर तो सर्वेक्षणवाला. सभ्य माणूस, पन्नाशीचा, घामाघूम, हातात टॅब. म्हणाला, "स्वयंसेवी संस्थांमुळे लोकांना सार्वजनिक कामात भाग घ्यायच्या किती संधी मिळतात, ते आम्ही वॉर्डनिहाय मोजतोय." मला बरं वाटलं, अगदी खरं सांगते. अक्का गेल्यापासून पहिल्यांदा मी कुणाला तरी मनापासून चहा केला. म्हटलं, चला, कुणीतरी मोजतंय. मीच त्याला शेजारी घेऊन गेले.

शेजारीण ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. त्यानं विचारलं, "तुम्ही कुठल्या संस्थेशी जोडलेल्या आहात का?"

"संस्थामा?" ती अहिराणीत म्हणाली आणि हसायलाच लागली. "मना दीर शे संस्थामा, शिपाई. मी कसाले जासू?"

"समाजासाठी काही काम करता?"

"काम नही करस, भाऊ. घरमाच राहस."

गेल्या हिवाळ्यात एका परक्या पोरीबरोबर कोर्टाच्या पायऱ्यांवर दिवस दिवस बसलेली बाई ही. पलीकडच्या गल्लीत कपडे शिवणाऱ्या खालाकडे गेलो, तर तिनं हातच जोडले. "ना बाबा, संस्था का नाम मत लो. एक डूब गई, वही बहुत है."

आमच्याकडे संस्था म्हणजे दोनच गोष्टी. एक, पुढाऱ्याची शाळा-कॉलेजं, जिथं नातलग चिकटवायचे असतात. दुसरी, ठेवी घेऊन बुडालेली पतसंस्था. संस्थेत असणं म्हणजे एक तर वशिला, नाही तर फसवणूक. या बायांना संस्थेबद्दल विचारणं म्हणजे, तुम्ही कुणाच्या आश्रयाला आहात, असं विचारणं. त्यांनी मान ताठ ठेवून नाही म्हटलं. घरामागून घर, नाही, नाही, नाही.

मी त्याला थांबवलं. "अहो, 'कुणाबरोबर सोबत म्हणून जाता का', असं विचारा ना."

"तसा पर्याय नाहीये, मॅडम."

"मग मी सांगते, माझं लिहून घ्या."

"उत्तर त्यांचंच घ्यावं लागतं. तुमचं घेतलं तर डेटा बिघडतो."

डेटा बिघडू नये म्हणून तो माझा दुसरा चहा न घेता गेला.

पुढे उन्हाळ्यात समाजमंदिराच्या भिंतीवर सूचना लागली. सर्वेक्षणानुसार या वॉर्डात नागरिकांच्या सहभागाच्या संधी जवळजवळ नाहीत, त्या वाढाव्यात म्हणून मागची खोली एका नोंदणीकृत महिला मंडळाला देण्यात येत आहे. या मंडळाच्या बाया हळदीकुंकवाच्या फोटोबाहेर कुणी पाहिलेल्या नाहीत. मी ती सूचना पुन्हा पुन्हा वाचली. वाचणं हाच माझा धंदा होता. एवढं शुद्ध मराठी आणि एवढं निर्लज्ज मी क्वचितच वाचलंय.

पालिकेत गेले. साहेब सौजन्यानं बोलले. "ताई, अहवालाप्रमाणे त्या खोलीत कुणी येतच नव्हतं. मग आम्ही बाहेर काढलं कुणाला?"

आयुष्यभर ग्रंथालयात हळू बोललेली मी. त्या दिवशी माझा आवाज जिन्याखाली, झेरॉक्सच्या दुकानापर्यंत गेला म्हणतात. साहेबांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. बाईमाणूस चिडलं की पाणी मागवतात.

घरी आले ती शेजारणीवर ओरडले. "एकदा हो म्हणायला काय झालं होतं?"

तिनं सूप खाली ठेवलं. "तू कसाले चिडी राहिनी, धाकली? त्यानी इचारं संस्था. आम्ही सांगं नही. अक्कानी आम्हले खोटं बोलाले नही शिकाडं."

तिचं बरोबर होतं, म्हणून मला आणखीच संताप आला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या खोलीच्या दाराला नवं कुलूप होतं. आमच्या गल्लीतल्या बाया ते लांबूनच पाहून पुढे गेल्या. बंद दारापुढे उगाच उभ्या राहिलेल्या बाईकडे सगळा बाजार बघतो. मी पोचले तेव्हा समोरच्या भाजीवालीनं हाक मारली.

"ओ धाकल्या अक्का, एक पोर उनी व्हती. साक्रीकडनी. दोनदा कुलूप दखं नि निंघी गयी. उद्या कोर्टमा तारीख शे म्हने."

"नाव काय तिचं?"

"नाव कोन इचारस?"

मी मिरचीची ओळ, कापडाची ओळ, बांगड्यांची ओळ पालथी घातली. बसस्टँडवर साक्रीच्या गाडीत चढून एकेका बाईचं तोंड पाहिलं. डोक्यावर पदर घेतलेल्या, पिशव्या मांडीवर धरलेल्या सगळ्याच. "कोर्टात कुणाला जायचंय का?" असं मी भर गाडीत मोठ्यानं विचारलं. कोण हो म्हणेल? कंडक्टर म्हणाला, "मावशी, उतरता का बसता?"

उतरले. नाव नाही, चेहरा नाही, कुठलं कोर्ट तेही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी त्या पोरीच्या शेजारी कोण बसलं, का कुणीच बसलं नाही, ते मला आजही माहीत नाही.